काबूलशी मैत्री हवीच, पण तिचा खर्च तासगावच्या सौद्यात का पडावा?

येरळाकाठ (तासगाव तालुका)

सध्या बागेत विरळणीची गडबड आहे. त्यात यंदा, २०२५ मध्ये, मे महिन्यापासून पावसानं बागांची जी अवस्था केली ती इथल्या बहुतेकांना माहीत आहे. तरीही हा धागा काढतोय, कारण गेल्या काही आठवड्यांतल्या बातम्या फिरून फिरून आमच्या बेदाण्यापाशी येऊन थांबतात आणि त्यावर आपल्याकडं कुणी सविस्तर बोलताना दिसत नाही.

ऑक्टोबरात अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत येऊन गेले. १० तारखेला जयशंकर यांनी काबूलमधल्या आपल्या तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवसांत पाकिस्तान आणि अफगाणिस्तानच्या फौजा सीमेवर भिडल्या, तोरखमचं नाकं बंद झालं आणि अफगाण मालाला समुद्रापर्यंत नेणाऱ्या इराणच्या चाबहार बंदराचं महत्त्व एकदम वाढलं. हे बंदर चालवण्याचा दहा वर्षांचा करार आपण मे २०२४ मध्ये केलाय. अमेरिकेनं चाबहारला दिलेली निर्बंधांतली सूट २९ सप्टेंबरला काढून घेतली आणि ऑक्टोबर संपता संपता सहा महिन्यांसाठी परत दिली. म्हणजे काबूलचा माल मुंबईला कुठल्या वाटेनं यायचा, हे वॉशिंग्टनमधल्या एका कागदावर ठरतंय.

आता यात तासगाव कुठं आलं? अफगाणिस्तानशी आपला २००३ चा प्राधान्य व्यापार करार आहे. २००७ पासून तो देश सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा सदस्य आहे. त्यामुळं तिथल्या सुक्या मेव्याला आयात शुल्कात मोठी सवलत मिळते. इतर देशांच्या बेदाण्यावर मात्र जबर शुल्क आहे. गेल्या हंगामात आपल्याकडं उत्पादन घटलं, भाव चढले, आणि भाव चढले की बाहेरचा माल वाट शोधतोच. चिनी बेदाणा चोरून येतोय, तो दुसऱ्या देशाच्या नावाखाली विकला जातोय, ही बागायतदारांची तक्रार यंदा सगळ्यांनी ऐकली असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. काबूलशी संबंध ठेवायला माझा विरोध नाही, उलट ते ठेवलेच पाहिजेत. पाकिस्तानच्या पलीकडं आपला कुणीतरी माणूस असावा, मध्य आशियाकडं आपली वाट असावी, हे देशाच्या गरजेचं आहे. पण या मैत्रीत आपण समोरच्याला देतो काय, तर आपली बाजारपेठ. आणि सुक्या मेव्याची बाजारपेठ म्हणजे शेवटी तासगाव-सांगलीचे सौदे. देशाच्या सुरक्षेचा खर्च चार तालुक्यांच्या अंगावर टाकायचा असेल तर तो निदान मोजावा, सांगावा आणि वाटून घ्यावा.

माजी_सुभेदार (सातारा)

विषय काढलात ते बरं केलंत. मी मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, त्यामुळं माझी नजर आधी सीमेवर जाते.

लोकांच्या मनात एक कल्पना पक्की बसलेली असते की व्यापार वाढला की सीमा आपोआप शांत होते. चीनच्या बाबतीत तसं झालं नाही. १९९३ आणि १९९६ चे करार झाले, ताबारेषेजवळ गोळी चालवायची नाही असं ठरलं, पुढची पंचवीस वर्षं व्यापार वाढतच गेला. तरी १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या देपसांग आणि डेमचोकच्या गस्तीबद्दल समझोता झाला, तो होईपर्यंत चार वर्षं दोन्हीकडच्या फौजा तिथं ठाण मांडून होत्या. आणि या सगळ्या काळात आपण चीनकडून खरेदी कमी केली का? २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली.

काबूलचं गणित वेगळं आहे. तिथं आपल्याला पाय रोवायला जागा मिळत असेल तर पश्चिम सीमेवरचा ताण थोडा तरी हलका होतो. त्यासाठी काही द्यावं लागलं तर द्यावं. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली. आमच्या घरांनी पिढ्यानपिढ्या दिलंच आहे. तासगावनं बेदाण्याच्या भावात थोडं सोसलं तर फार बिघडत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

येरळाकाठ

सुभेदारकाका, तुमच्या जिल्ह्याच्या त्यागापुढं मी काही बोलणार नाही. पण फौजेत जाणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत असतं. त्याला पगार, पेन्शन, मान मिळतो, मिळायलाच हवा. बेदाणा करणाऱ्याला आपण कशासाठी सोसतोय हे कुणी सांगतसुद्धा नाही. त्याला दिसतं ते इतकंच की गेल्या सौद्यापेक्षा भाव पडला आणि शीतगृहाचं भाडं वाढत चाललंय. पंचनामा नाही, भरपाई नाही. गारपिटीचा होतो, करारांचा होत नाही.

हळद_अडत (सांगली मार्केट यार्ड)

मी उलट्या बाजूनं बोलतो.

जगातली ७० टक्क्यांहून जास्त हळद आपल्या देशात पिकते. आमच्या पेठेला भीती बाहेरून माल येण्याची नाही, आपला माल बाहेर जायचा थांबण्याची आहे. बांगलादेश, इराण, अमिरात ही आमची गिऱ्हाइकं. बांगलादेशात २०२२ पासून डॉलरची टंचाई होती, तिथल्या बँका एलसी (मालाचे पैसे देण्याची बँकेची हमी) वेळेवर उघडत नव्हत्या. मग ५ ऑगस्ट २०२४ ला तिथलं सरकार गेलं आणि दोन देशांमधलं बोलणंच आटलं. यंदा एप्रिलमध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीच्या नाक्यांवरून घेणं बंद केलं, मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे नाक्यांवर अडवले. यात कुणी कुणाला धडा शिकवला ते मला कळत नाही, पण गाडी नाक्यावर उभी राहिली की भाडं व्यापाऱ्याच्या डोक्यावर चढतं आणि व्यापारी ते शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा करतो. मी स्वतः या धंद्यात आहे म्हणून हे स्पष्ट लिहितो.

जूनमध्ये इराणवर हल्ले झाले तेव्हाही तिकडचे सौदे काही काळ थंडावले होते. राजापुरी हळदीचा भाव हरिपूरच्या पेवांत (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत) ठरत असे तो काळ गेला. आता इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत काय होतंय ते आम्हाला बघावं लागतं.

त्यामुळं शेजार जितका मोकळा तितकं सांगलीचं भलं, हे माझं मत. बेदाण्याचं नुकसान होत असेल तर त्यावर वेगळा उपाय काढा, पण त्यासाठी दार बंद करा म्हणू नका.

येरळाकाठ

दार बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. आमची द्राक्षंसुद्धा बांगलादेशला जातात आणि तिथल्या आयात शुल्कानं आमचं कंबरडं मोडलंय. मला मोकळं दारच हवंय, पण दारावर तपासणारा माणूसही हवाय.

कुपवाड_खरेदी

मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याचा खरेदी विभाग बघते. या चर्चेत कारखानदारीची बाजू यायला हवी.

४ एप्रिल २०२५ ला चीननं सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला. जगातले सुमारे ९० टक्के असे चुंबक चीनमध्ये बनतात. हे पाऊल अमेरिकेच्या आयात शुल्काला उत्तर म्हणून होतं, आपल्याशी त्या भांडणाचा काही संबंध नव्हता. पण मोटारी बनवणारे आपले कारखाने अडकले आणि मागोमाग त्यांना सुटे भाग देणारे छोटे कारखानेही. माल कुठं वापरणार, लष्करी कामाला वापरणार नाही, याची हमीपत्रं भरून द्यावी लागत होती. ती भरूनही उत्तर येईना. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा खतं, चुंबक आणि बोगदे खोदायची यंत्रं यांबद्दल आश्वासन मिळाल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात अमेरिकेनं आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. एकाकडून कच्चा माल येईना आणि दुसऱ्याकडं पक्का माल जाईना, असा तो महिना होता.

पण शेतकरी आणि आम्ही यांत एक मोठा फरक आहे. आमच्या पुरवठ्याच्या करारात दरबदलाचं कलम असतं. पोलाद वाढलं, तांबं वाढलं तर ठरलेल्या सूत्रानं भाव बदलून मिळतो. सगळा भार आमच्यावर येत नाही. येरळाकाठ म्हणतात त्या “वाटून घेण्याचा” अर्थ मला तरी हाच वाटतो. शेतीत असं कलम कुठंच नाही.

बागाईतदार_पलूस

ताई बरोबर बोलल्या. खतांचंच बघा की. ठिबकमधनं सोडायची विद्राव्य खतं, बारा-एकसष्ट, शून्य-बावन्न-चौतीस, यातला बहुतेक माल चीनवरनं येतो. यंदा तिकडनं तपासणीच्या नावाखाली माल अडवला. दुकानात गेलं की “शिल्लक नाही” नाहीतर चढा भाव. छाटणी काय खतासाठी थांबत न्हाय. घड निघायच्या वक्ताला स्फुरद लागतं म्हणजे लागतंच. लडाखात काय झालं की आमच्या ठिबकच्या व्हेंच्युरीत खत कमी पडतंय, हे आम्हाला आता कुणी समजावून सांगायची गरज राहिली न्हाय.

अभ्यासिका_कराड

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, त्यामुळं थोडी पार्श्वभूमी देतो.

दक्षिण आशियातल्या देशांचा आपसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आग्नेय आशियात आसियानच्या देशांत तो २० टक्क्यांच्या वर आहे. सार्क १९८५ ला ढाक्यात स्थापन झाली, शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली ती झालीच. मग आपण बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या बिम्सटेक या गटाकडं वळलो, कारण त्यात पाकिस्तान नाही. बिम्सटेक १९९७ ची, पण तिचं मुख्यालय ढाक्यात सुरू झालं २०१४ ला आणि सनद अमलात आली मे २०२४ मध्ये. मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ ला मान्य झाला, करार अजून झालेला नाही. यंदा एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत सागरी वाहतुकीच्या सहकार्याचा करार झाला, ही त्यातली खरी पुढची पायरी.

शेजारी आपल्यात व्यापार करत नाहीत तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. श्रीलंकेनं २०१७ ला हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला भाड्यानं दिलं. २०२२ ला तोच देश दिवाळखोरीत गेला तेव्हा आपण सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. यंदा एप्रिलमध्ये श्रीलंकेनं आपल्याबरोबर संरक्षण सहकार्याचा करार केला. मला या क्रमाचं महत्त्व वाटतं. अडचणीत इंधन आणि औषधं पोचली, त्यानंतर संरक्षणाचं बोलणं पुढं गेलं.

आणि एक आपल्या भागातली गोष्ट. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे, कराडचे. २१ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी संरक्षण खातं हाती घेतलं, त्याच दिवशी चीननं युद्धबंदी जाहीर केली होती. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पुढचं कुणी सांगत नाही. १९७४ ते १९७७ यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये अरुणाचलमधल्या तुलुंग ला इथं चिनी सैनिकांनी आसाम रायफल्सचे चार जवान मारले. आणि १९७६ मध्ये, यशवंतराव परराष्ट्रमंत्री असतानाच, पंधरा वर्षांच्या खंडानंतर भारतानं बीजिंगला पुन्हा राजदूत पाठवला. ते होते के. आर. नारायणन, पुढं राष्ट्रपती झालेले. ज्या माणसानं युद्धानंतर फौज उभी केली त्याच्याच काळात हे झालं. सीमा सांभाळणं आणि बोलणी चालू ठेवणं ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली.

माजी_सुभेदार

तुलुंग लाची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. त्या चौघांबद्दल आता कुणी बोलत नाही. पण १९७६ ला राजदूत गेला तेव्हा फौज १९६२ सारखी नव्हती. १९६७ ला सिक्कीममधल्या नाथू ला इथं आपण सडेतोड उत्तर दिलेलं होतं. हे आधी, राजदूत नंतर. एवढं ध्यानात ठेवा.

अभ्यासिका_कराड

मान्य आहे काका. तो क्रम महत्त्वाचाच.

विटेकर_गलाई (सध्या कोचीन)

आम्ही खानापूर तालुक्यातले, तीन पिढ्या गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात. बेदाण्यातलं मला कळत नाही, सोन्यातलं कळतं.

दुकानात रोज एक प्रश्न असतो, सोनं एवढं का वाढलं? ऑक्टोबरात तोळा सव्वा लाखाच्या पुढं गेला. लग्नसराई वगैरे कारणं लोक देतात, पण मुळात खरेदी करतायत ती देशोदेशीची सरकारं. २०२२ ला युक्रेन युद्ध सुरू झालं आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले. तेव्हापासून २०२२, २०२३, २०२४ अशी तिन्ही वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांच्या वर सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेलं १०० टन सोनं मायदेशी आणलं. दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेलं आपलं राहील याची खात्री कुणालाच उरलेली नाही. त्याचा परिणाम असा की आमच्याकडं मोड (जुने दागिने) आणणारे वाढले आणि नवं घडवणारे कमी झाले. गलाईवाल्याचं तात्पुरतं चालतं, कारागिराचं चालत नाही.

आता मूळ धाग्यावर. कुणाचा माल कुठल्या देशाच्या नावावर येतो हा तुमचा प्रश्न आहे ना? आमच्या धंद्यात दागिन्यावर शिक्का कुणाचा आहे यावर कुणी पैसे मोजत नाही. तुकडा काढून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता बघतात. बेदाण्याचा टंच काढायची सोय आहे का? नसेल तर दाखला कुठल्याही देशाचा असो, त्याला अर्थ नाही.

येरळाकाठ

विटेकर, हा प्रश्न मोलाचा आहे. तंत्र आहे. माती आणि पाणी बदललं की फळातल्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण बदलतं. परदेशांत वाइन, मध, ऑलिव्ह तेल यांचं मूळ ठिकाण ओळखायला ही तपासणी वापरतात. आपल्याकडं पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र युरोपच्या द्राक्षांसाठी कीटकनाशकांच्या अंशांचं काम कितीतरी वर्षं करतंय. सांगलीचा, कंदहारचा, चीनचा, इराणचा असे नमुने जमवून त्यांची खूण पक्की करणं हे काम तिथं होऊ शकेल असं मला वाटतं. युरोपला द्राक्षं पाठवताना आमच्या प्रत्येक बागेची नोंद ग्रेपनेट या सरकारी नोंदणी प्रणालीवर असते, कुठल्या प्लॉटचा घड ते युरोपातल्या खरेदीदाराला कळतं. आमच्या मालाला एवढा कडक कायदा आणि आत येणाऱ्या मालाला नुसता कागद, हे मला पटत नाही.

खऱ्या अफगाण शेतकऱ्याशी माझं काही भांडण नाही. कंदहारचा बागाईतदारही माझ्यासारखाच आहे आणि तोतया मालानं त्याचंही नाव खराब होतं. काबूलशी मैत्री टिकवायची असेल तर मूळ ठिकाणाची तपासणी ही त्या मैत्रीचीच गरज आहे. नाहीतर उद्या आमचेच लोक म्हणतील, सगळंच बंद करा.

माजी_सुभेदार

हे मला पटलं. चौकीवर ओळखपत्र बघतो म्हणजे आपण येणाऱ्याचा अपमान करत नाही.

एक अवांतर, पण इथंच लिहितो. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. त्याच गोंधळात सोमाली चाचे परत आले. मार्च २०२४ मध्ये एमव्ही रुएन हे जहाज सोडवायला आयएनएस कोलकाता गेली, कमांडो विमानातून समुद्रात उतरले, चाळीस तासांच्या कारवाईत ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. आपल्या किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरवर. शेतमालाच्या वाटेसाठी फौज काय करते हेही लोकांना कळू दे.

येरळाकाठ

काका, आमच्या शेजारच्या बागेतला माल तेव्हा त्याच वळशानं रॉटरडॅमला गेला होता. दहा-पंधरा दिवस जास्त लागले, भाडं वाढलं, पोचेपर्यंत देठ सुकले आणि भाव तोडून मिळाला. तरी पोचला. नौदल तिकडं नसतं तर काय झालं असतं याची आम्हाला जाणीव आहे.

कुपवाड_खरेदी

मग या चर्चेतून काहीतरी लेखी व्हावं. माझ्या मते मागण्या अशा असाव्यात. मूळ ठिकाणाची तपासणी मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात आणि गुजरातच्या मुंद्र्यात माल उतरतानाच व्हावी, बाजारात आल्यावर नको. आयात ठरावीक प्रमाणाबाहेर गेली आणि सौद्यातला भाव ठरावीक पातळीखाली आला तर फरक केंद्रानं द्यावा, कारण सवलत केंद्रानं दिलीय. आमच्या दरबदलाच्या कलमासारखंच सूत्र बसवता येईल. आणि विद्राव्य खतांचे कारखाने देशात निघेपर्यंत एकाच देशावर अवलंबून राहू नये. डीएपी खतासाठी सौदीच्या कंपनीशी यंदा जुलैत पाच वर्षांचा, वर्षाला ३१ लाख टनांचा करार झालाच आहे, तसा विद्राव्य खतांसाठीही करता येईल.

हळद_अडत

यात एक भर घाला. बांगलादेशशी नाक्यांचा प्रश्न सोडवताना हळद आणि द्राक्ष यांचा वेगळा उल्लेख हवा. नाशवंत मालाला नाक्यावर आधी सोडायचं, एवढं जरी दोन्ही बाजूंनी मान्य केलं तरी पुष्कळ झालं. मोठे प्रश्न सुटेपर्यंत द्राक्ष थांबत नाही.

बागाईतदार_पलूस

आणि फरकाची रक्कम बेदाणा ज्याच्या नावावर शीतगृहात हाय त्याला मिळाय पायजे. व्यापाऱ्यानं घेऊन ठेवला असंल तर त्याला न्हवं. हे आधीच लिवा, नायतर मागनं भांडणं लागत्यात.

हळद_अडत

बरोबर आहे, लिहा. पावतीवर तारीख असतेच, त्या तारखेवर ठरवता येईल.

येरळाकाठ

दोन्ही घेतो. मसुदा रविवारी रात्री इथंच टाकतो. ज्यांच्याकडं गेल्या हंगामातल्या शीतगृहाच्या पावत्या आणि सौदापट्ट्या आहेत त्यांनी त्या काढून ठेवाव्यात, भावाची पातळी ठरवताना लागतील. अभ्यासिका_कराड, २००३ च्या करारातली सवलतीच्या वस्तूंची यादी मिळाली तर त्याआधी इथं द्या.